सर, ते वाक्य खोटं होतं

सर, मी आता वाशीमला कोर्टासमोर टायपिंगच्या टेबलावर बसतो. दहावीच्या पुढे शिक्षण सरकलं नाही, पण शुद्धलेखन तुम्ही पक्कं करून घेतलंत, त्यावर पोट भरतं. काल एका वकिलांनी प्रतिज्ञापत्राच्या इंग्रजी मसुद्यात 'अ‍ॅब्ज्युअर' हा शब्द लिहून दिला. बायको माहेरून परत यावी म्हणून एक माणूस दारू सोडल्याचं लिहून देत होता. स्पेलिंग मी तीनदा तपासलं, बरोबर होतं, तरी बोटं थांबली. त्याला विचारलं, "खरंच सोडली ना?" तो म्हणाला, "तुले काय करा लागते बे? तू टाईप कर."

नववीत तुम्ही तो शब्द फळ्यावर लिहिला होता. नुसतं सोडणं नव्हे, म्हणालात. चार माणसांसमोर शपथ घेऊन सोडणं, मग तो विश्वास असो की सवय. वाक्यात वापरायला सांगितलंत. मी लिहिलं, माझ्या वडिलांनी दारू 'अ‍ॅब्ज्युअर' केली आहे. बाबांनी देवळात सगळ्यांसमोर तुळशीची माळ घातली होती, एवढं खरं. पण संध्याकाळी ते माळ काढून खुंटीला अडकवत, पिऊन येत, आणि सकाळी आंघोळ करून पुन्हा गळ्यात घालत. माळ गळ्यात नसताना प्यायलं तर शपथ मोडत नाही, असं ते मनापासून मानत. तुम्ही माझं वाक्य वर्गाला वाचून दाखवलंत, आणि रविवारी आमच्या वांग्याच्या वाफ्यात येऊन बाबांचे दोन्ही हात धरलेत. "भाऊ, लय मोठं काम केलं तुमी." तुमची सायकल वळली तसे बाबा म्हणाले, "मास्तरले काहून सांगतलं बे असं?" मला वाटलं, आता मार बसणार. ते बांधावर बसून राहिले. "आता मले खरं करा लागन," एवढंच बोलले.

चार महिने त्यांनी खरं केलं. पाचव्या महिन्यात माळ पुन्हा खुंटीवर दिसली. तुम्ही बाजारात भेटलात की विचारायचात, "वाक्य कायम हाय ना?" मी म्हणायचो, "हो सर."

तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा बाबाही सोबत आले. गळ्यात माळ नव्हती, म्हणून वरचं बटण लावलेलं. तुम्ही तेच विचारलंत. मी तोंड उघडण्याआधी बाबा वाकून म्हणाले, "हो मास्तर. सोडली." वीतभर अंतर. वास तुम्हाला आलाच असणार. तुम्ही त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "शाब्बास."

तुम्ही गेल्यावर तुमच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू राहतात. हे पत्र कुठेच जाणार नाही. मी सगळ्यांना सांगतो, सरांना खरं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं नाही, सर. त्या दिवशी दवाखान्यात नंतर बाबा चहा आणायला खाली गेले होते. आपण दोघंच होतो. तुम्ही जागे होतात, आणि मी तुमच्या चादरीची घडी सारखी करत बसलो.