तापणारा फोन आणि घरातले संशयित

ती. अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा इथूनच वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच).

सर्वांत ताजी बातमी आधी देतो. माझ्या फोनमध्ये कसलाही बिघाड नाही. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं आज सकाळी साडेदहा वाजता हे सांगितलं आणि सोबत आलेल्या माझ्या चिरंजीवानं त्याला लगेच दुजोरा दिला. (इतक्या लगेच, की दोघांचं आधीच काहीतरी ठरलं असावं.) म्हणजे फोन निर्दोष, चार्जर निर्दोष, भिंतीतला प्लगही निर्दोष. मग गेले तीन आठवडे चार्जिंगला लावला की हा फोन तव्यासारखा तापतो, तो कुणाच्या पुण्याईनं? याचं उत्तर मिळालं आहे, पण ते मला मान्य नाही, आणि म्हणूनच हे पत्र.

तुझी दाढ आता कशी आहे? काढली असलीस तर बरं केलंस, आणि नसलीस तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय काढू नकोस. फोन करून विचारलं असतं, पण फोनविषयीची तक्रार फोनवरूनच करणं मला प्रशस्त वाटत नाही. कोण कुठे ऐकत असेल, काय सांगावं.

आता मूळ हकीकत. हा फोन चिरंजीवांचा. त्यांनी नवा घेतला आणि हा मला दिला, वर म्हणाले, "बाबा, अगदी मख्खन चालतो." अक्का, मख्खन चालणारी वस्तू कुणी दुसऱ्याला देतं का? मी चौतीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो. डोस घेतला म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या बाटलीत औषध जसंच्या तसं असतं, हे मी रोज पाहिलं आहे. पेशंट काय सांगतो ते ऐकायचं, पण लिहून घ्यायचं ते मात्र बाटलीकडे बघून, अशी माझी पद्धत. तीच फोनला लावली. घरातला काचेचा थर्मामीटर काढला आणि दिवसातून चार वेळा फोनचा ताप घेऊ लागलो. भिंतीवर तक्ता लावला. चार्जिंगच्या आधी पस्तीसच्या खाली, चार्जिंगनंतर एकेचाळीस! (माणूस असता तर डॉक्टरांनी तत्काळ भरती करून घेतला असता.) मग पूर्वी मिक्श्चरच्या बाटलीला चिकटवायचो तशी कागदाची पट्टी कातरून प्लगशेजारी चिकटवली आणि चार्जिंग तीन डोसांत विभागलं. सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस, संध्याकाळी वीस, सर्व जेवणानंतर. त्यामुळे फोन तापायचा कमी झाला नाही, मात्र दिवसातून एकदाऐवजी तीनदा तापू लागला.

याचा अर्थ उघड होता. मी पाठ वळवली की कुणीतरी फोन वापरत होतं. घरात माणसं तीन. मी स्वतःवर संशय घेऊन पाहिला, पण मी फोनवर फक्त हवामान बघतो. चिरंजीव दिवसभर ऑफिसात. उरली तुझी भावजय. तिचा स्वतःचा फोन आहे हे खरं, पण म्हणूनच तर तिच्यावर कुणी संशय घेणार नाही, असा हिशेब तिनं केला असणं शक्य होतं. मी फोनवर टाल्कम पावडर शिंपडली आणि आंघोळीला गेलो. परत येऊन पाहतो तर पावडरीत स्पष्ट बोटाचा ठसा! भिंग घेऊन ताडून पाहिला, तेव्हा तो माझाच निघाला. (आंघोळीला जाण्यापूर्वी फोन तापला का म्हणून मीच बोट लावून पाहिलं होतं. पण यावरून तिनं लावलं नसेलच असं सिद्ध होत नाही.)

तेव्हा तिला सरळच विचारलं. दुर्दैवानं त्या वेळी तिचा भाऊ आणि त्याची बायको सोफ्यावर बसली होती. "माझा फोन चोरून वापरतेस का?" एवढंच विचारलं. सूर नेहमीचाच होता. ती म्हणाली, "अहो, या घरात तापणारी वस्तू एकच आहे, आणि तिला चार्जर लागत नाही." मेहुणा इतका हसला, की त्याला ठसका लागला. त्यानंतर पाहुणे गेले आणि तिनं बोलणं बंद केलं. आज सहावा दिवस. माझ्यासाठी असलेले निरोप चिरंजीवांच्या मार्फत येतात. "आई म्हणते, औषध घेतलं का." मी म्हणतो, "सांग, घेतलं." ती तीन फुटांवर उभी असते. अक्का, लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकी लांबण कधी लागली नव्हती. घरात एवढी शांतता आहे, की फ्रिज सुरू झाला तरी कुणीतरी बोललं असं वाटून मी वर बघतो.

आता आजची दुकानातली गोष्ट. दुरुस्तीवाल्यानं फोन हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, हे काय घातलंय याला?" मी अभिमानानं सांगितलं, की माझ्या थोरल्या बहिणीनं विणून पाठवलेलं लोकरीचं कव्हर आहे. खरंच अक्का, काय तुझी दृष्टी! दोन्ही तोंडं उघडी ठेवलीस, म्हणजे खालून वायर घालता यावी आणि वरून बोलता यावं. शिवाय एक धुवायला टाकलं तर दुसरं असावं म्हणून दोन पाठवलीस. जरा सैल होतं, पण मी ते दुमडून दुपदरी केलं आणि टाका घातला. पार्सल आल्या दिवसापासून फोन एक क्षणही उघडा ठेवलेला नाही.

त्या माणसानं कव्हर दोन बोटांनी ओढून काढलं, फोन तासभर तिथेच चार्ज केला आणि माझ्या हातात दिला. गार. पैसेही घेतले नाहीत. (फुकट सल्ला देणारा दुकानदार, हे तुला सरळ वाटतं?) म्हणाला, "काका, चार्जिंगच्या वेळी एवढं कव्हर काढत जा." हेच शब्द तुझ्या भावजयीनं तीन आठवड्यांपूर्वी, पहिल्याच दिवशी म्हटले होते. तेव्हा ती तुझ्या वस्तूला नावं ठेवते असं समजून मी आवाज चढवला होता.

घरी येऊन मी स्वतः दोनदा खात्री केली. कव्हर घालून एकेचाळीस. काढून सदतीसला जरा कमी. तक्त्यावर लिहिलं आहे. मी लिहिलेलं आहे, त्यामुळे त्यावर संशयही घेता येत नाही.

बाकी सर्व कुशल.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम हे, की तू तुझ्या भावजयीला एक फोन कर आणि 'ते कव्हर फक्त बाहेर जाताना घालायचं, घरात नाही,' असा हुकूम दे. म्हणजे मी ते तुझ्या सांगण्यावरून काढलं असं होईल. ती बरोबर होती हा विषय मग आपोआप मागे पडेल आणि बोलणं सुरू होईल. उशीर करू नकोस. मला सातवा दिवस नको आहे.

ता. क. २ तुझा पत्ता तिच्या वहीत आहे, तो तिनं घालावा म्हणून पाकीट चिकटवून टेबलावर ठेवणार आहे. ती उघडेल अशी मला शंका आहे, त्यामुळे चिकटवलेल्या कडेवर सही करणार आहे.

वन्सं, नमस्कार. पाकीट मी उघडलं, नव्या पाकिटात घालते आहे. तुमची चिठ्ठी पार्सलच्या कागदात अडकली होती, ती मला त्याच दिवशी मिळाली. ते कव्हर नाही, गुडघ्यांना घालायची जोडी आहे, हे सांगायला गेले तर 'माझ्या बहिणीच्या वस्तूत खोड काढू नकोस' म्हणाले. म्हटलं, राहू दे. तुम्ही मला फोन करू नका, मी काही रुसून बसलेली नाही. ते स्वतःहून काय बोलतात याची वाट बघते आहे. आत्ता दाराशी तिसरी फेरी झाली आहे आणि घसा खाकरून झाला आहे. चौथ्या फेरीला बोलतील असा अंदाज आहे.