सोफ्यात शिवलेलं कार्ड

प्रिय ठमाबाई,

फोनवर तू दर वेळी एकच विचारतेस, क्रेडिट कार्डाच्या कर्जाचं काय झालं? आणि मी ‘होतंय गं’ म्हणून विषय बदलते. आकडे-बिकडे मला बोलून सांगता येत नाहीत, मध्येच सांडतात. म्हणून आज शिलाई मशीन कापडानं झाकलं आणि लिहायला बसले. ज्या कर्जापायी तू घर सोडून इतक्या लांब कामाला गेलीस, त्याची खबरबात तुला नीट मिळायलाच हवी.

तू गेल्यावर घरात आम्ही दोघंच. सासू-जावई एका छताखाली, म्हणजे दोघांनीही खोकून खोलीत शिरायचं! एका सकाळी जावईबापू खुशीत सांगत आले, ‘आई, या महिन्यातही घराच्या हप्त्यापेक्षा जास्तच भरले!’ मीही मोठ्या कौतुकानं शाबासकी दिली. कार्डाचं मात्र बिलावर छापलेलं कमीत कमी तेवढंच भरत होते, आणि त्यात आम्हा दोघांनाही काही वावगं दिसलं नाही. घर जाईल ही धास्ती आपल्या सगळ्यांच्याच हाडात मुरलेली ना. पुढे काहीतरी विचारायला म्हणून त्यांनी बँकेत फोन लावला, तेव्हा तिथली मुलगी म्हणाली, ‘अहो, तुम्ही उलटं करताय.’ घराचं व्याज पायी चालतं, कार्डाचं धावत सुटतं, आणि आम्ही आपले पायी चालणाऱ्याच्या मागे काठी घेऊन लागलो होतो! फोन ठेवल्यावर जावईबापू कपाळाला हात लावून बसले. मग मला हसू फुटलं, मग त्यांनाही.

आता घराचा हप्ता ठरलेला तेवढाच जातो. कार्डाच्या थकबाकीचे बँकेनं कमी व्याजावर हप्ते बांधून दिलेत, आणि उरेल ते सगळं तिकडेच. माझ्या सोफा-खुर्च्यांच्या शिवणकामाचे पैसेही त्यातच घालते. ते ‘नको’ म्हणतात, मी ऐकू येत नसल्यासारखं करते. कार्ड कापून टाकायला मात्र त्यांचा धीर होईना. अडीनडीला लागलं तर? मग मी आपल्या सोफ्याची डावीकडची उशी उसवली, कार्ड आत घातलं आणि दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकली. मध्यंतरी कपडे धुवायचं यंत्र बंद पडलं. जावईबापू कात्री घेऊन सोफ्यापाशी उभे. ‘उसवू का?’ म्हटलं, उसवा की, पण परत शिवायची मजुरी मी रोख घेईन. त्यांनी कात्री ठेवली आणि दुरुस्तीवाल्याला बोलावलं. नुसता पट्टा तुटला होता. नवीन यंत्राचा खर्च वाचला आणि आमचं जेवण हसत-खिदळत झालं. ठमे, थकबाकी निम्म्याच्या खाली आली आहे. त्यांचा चेहराही आता माणसात आलाय.

आता खरं ते लिहिते. तुझ्या कंपनीनं आणखी एक वर्ष थांबायला सांगितलंय, हे मला कळलंय. तू जावईबापूंना विचारलंस, आणि त्यांनी ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणून मोकळं केलं. फोन ठेवल्यावर हा माणूस पुसलेलाच ओटा पुन्हा पुन्हा पुसत होता. कर्ज आपल्यामुळे वाढलं असं मनात धरून बसलेत, ‘ये’ म्हणायचा हक्कच उरला नाही असं त्यांना वाटतं. मी हे लिहितेय, त्यांना ठाऊक नाही. तर ऐक, त्या वाढीव वर्षाच्या करारावर सही करू नकोस. तू परत येऊन इथल्या जुन्या पगारावर लागलीस तरी दोन्ही हप्ते निघतात, जरा ओढूनताणून, पण निघतात. थोडं कर्ज डोक्यावर असतानाही माणसांना एका घरात सुखानं राहता येतं गं. आत्ताचा करार संपला की सरळ घरी ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली, पण तसं फोनवर कबूल न करणारी,
तुझीच,
आई