दोन नग कमी

सोमवार
खट्... सर्र... खट्. वडिलांच्या हातमागाचा तो आवाज साठ वर्षांनी पुन्हा कानी पडला आणि डोळे भरून आले. त्याच ठेक्यावर मी शाळेतल्या कविता पाठ करायचो. या संग्रहालयात मोकळ्या माळावर जुन्या काळचं अख्खं गाव वसवलंय. त्यातल्या विणकराच्या घरात बसून पाहुण्यांना विणून दाखवायचं, हे माझं काम. मुक्कामही तिथेच. फाटकावर सोडताना लेक म्हणाली की, कविता ऐकवून लोकांना पळवून लावू नका. गधडी! मी तिला जन्मभर याच नावाने हाक मारत आलोय. रविवारी न्यायला येईल.

व्यवस्थापकांनी घर दाखवलं. दूरच्या गावातून उचलून आणलेलं. दगडन् दगड, वासान् वासा आकडा घालून यादीत उतरवला, मगच हलवला. म्हणून सगळं जागच्या जागी बसलं. फक्त दोन नग कमी आहेत म्हणे. सापडतील की, मी हसून म्हटलं. ते हसले नाहीत.

मंगळवार
शेजारच्या कुंभारीणबाईंना म्हटलं, मडकं काय सुबक उतरलंय. त्यांनी ते माझ्या पायाशी फोडलं. समोरचा लोहार दिवसभर डोळे वटारून होता. संध्याकाळी बाईच बोलल्या, "आम्हाला उचलून आणलं. तुम्ही आपल्या पायांनी आलात. एवढे शिकलेले ना?"

बुधवार
चष्म्याच्या काडीवर पांढऱ्या रंगात २१२. हातातल्या काठीवर २१३. दोन्ही वस्तू माझ्या, घरून आणलेल्या. तक्रार केली तर व्यवस्थापकांनी यादीच पुढे सरकवली. कागद पिवळा, शाई विटलेली. २१२ चष्मा. २१३ काठी. दोन्हींपुढे 'जमा'. २१४ विणकर, म्हातारा. पुढे 'कमी'.
पुढचं पान त्यांनी पंजाने झाकलं.

गुरुवार
मनगटावर २१४. घासलं, सोलून निघालं, आकडा जात नाही. उंबऱ्याबाहेर पाय टाकला की गुडघे मोडतात, आणि लोहार खदाखदा हसतो.
कवितांची एकही ओळ आठवत नाही. ठेका तेवढा—

शुक्रवार
व्यवस्थापक यादी घेऊन आले होते. पाठमोरे झाले तेव्हा मी पान उलटलं.
२१५ विणकराची मुलगी. पुढे 'कमी'.
लगेच लेकीला फोन केला. राणी, म्हटलं, इथे फार बरं वाटतंय, मी इथेच राहतो, तू मुळीच येऊ नकोस. फोन तिथेच बंद पडला. पडू दे. ती वाचली.

शनिवार
उजवा हात मागाचा धोटा सोडत नाही. डाव्याने लिहितोय. खट्—सर्र—
बाहेर चपला वाजल्या. व्यवस्थापक कुणाला तरी अदबीने वाट दाखवताहेत. हातात रंगाचा डबा—
दारात लेक. आज. एक दिवस आधी.
म्हणतेय, "बाबा, मला कधी राणी म्हणालात का हो जन्मात? तेव्हाच म्हटलं, काहीतरी बिघडलंय."
ओरडतोय— आवाज नाही— कुंभारीणबाईंनी तोंड फिरवलं— चपला काढतेय ती— एक पाय उंबऱ्यावर— गधडे, आत येऊ न