निळ्या काचांचा गॉगल

द्वारका, दिल्ली. शनिवार संध्याकाळ

लक्षद्वीपच्या क्रूझचं आज नक्की करायचं होतं. कुठल्या बेटावर उतरायचं, तिथे काय काय करायचं. हे मूळचे मालवणचे. नोकरीपायी उभा जन्म दिल्लीत काढला, पण पोहायचा निळ्या काचांचा गॉगल करोल बागेतून हौसेने आणून ठेवला होता. त्यानंतर स्ट्रोक आला आणि उजवी बाजू गेली.

बुकिंगवाल्या मुलीचा फोन स्पीकरवर होता. "जहाज़ किनारे तक नहीं जाता, छोटी बोट में उतरना पड़ता है. अंकल उतर पाएँगे?"

मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "मैं जहाज़ पे ही रहूँगा. मैडम का लिख लो, सब कुछ."

इतकं सहज! आपण चहा घेणार नाही, असं सांगावं तसं.

मी चिडले. "अहो, मला पोहता तरी येतं का? कॅन्सल करू सगळं."

"जॅकेट देतात गं. तू पाण्याखाली बघून ये आणि मला सांग."

चिडायचं तरी कुणावर?

मग यांनी गॉगल मागितला. माझ्या डोळ्यांवर चढवला, डाव्या हाताने पट्टा ओढत बसले. उजवा मांडीवर तसाच पडलेला.

"घट्ट हवा. पाणी आत जाता कामा नये. हं, झालं. काढ आता."

"राहू दे थोडा वेळ," म्हटलं.

बरं झालं, काचा निळ्या आहेत. काढला असता तर आतलं पाणी दिसलं असतं त्यांना.