सहाचे चार सिलिंडर

३ जानेवारी, सकाळी ६.५०
बातमी खरी ठरली. माझी गाडी नव्या रूपात येतेय. माझी म्हणजे अजून घेतलेली नाही, पण अकरा वर्षं जिच्यावर जीव जडलाय तिला दुसरं काय म्हणायचं? नवे दिवे, नवी जाळी, मागची सीट दिवाणखान्यासारखी. एप्रिलमध्ये बाजारात. या वेळी घ्यायचीच. सध्याच्या आमच्या डबीत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात.

संकल्प: घाई करायची नाही. लाँच होईपर्यंत बायकोला एक अक्षर सांगायचं नाही. रोज अर्धा तास चालायचं, कारण नव्या गाडीची सीट खाली आहे आणि पोट मध्ये येतं.

संध्याकाळी ७.१५
हिला सांगितलं. राहवलं नाही. ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली, पण मिक्सर चालू असल्यामुळे कळलं नाही. मी हो हो म्हटलं. मागाहून आठवलं, मिक्सर परवाच दुरुस्तीला टाकलाय. मग दुसरं काहीतरी चालू असेल.

चालायला उद्यापासून.

५ जानेवारी
घात झाला. बातमीचा खालचा भाग आज वाचला. इंजिन लहान केलंय! सहा सिलिंडरचे चार! तीन लिटरचं दोन लिटर! अकरा वर्षं एखाद्या मुलीची वाट बघावी आणि लग्नाच्या दिवशी तिची धाकटी बहीण पुढे करावी, तसा प्रकार.

दुसऱ्या कुणाला हे चालून जाईल. मला नाही. सव्वीस वर्षं मी लोकांचे कान तपासतोय. बंद खोलीत बसवायचं, हेडफोन घालायचे, बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की त्यांनी बटण दाबायचं. मग कागदावर आलेख, मग गरज असेल तसं कानाचं यंत्र. आवाज हा माझा धंदा आहे. सहा सिलिंडरचा आवाज म्हणजे भरदार, घोटलेला. चारचा म्हणजे डबा.

कंपनीला खरमरीत पत्र लिहायचं ठरवलं.

६ जानेवारी
पत्र लिहिलं. चार पानं. प्रिंटरची शाई संपली.

१४ जानेवारी
शोरूमला गेलो. तिथला सेल्समन मला ओळखतो. दर वर्षी मी जुन्या मॉडेलचं दार उघडून बंद करून बघतो. हुशार पोरगा, टाय नीट बांधतो, पण बोलतो तोंडातल्या तोंडात. आजकाल सगळेच असे बोलतात. शाळेत मोठ्यानं वाचून घेत नाहीत, त्याचा परिणाम. त्याला स्पष्ट बोलण्याचे दोन व्यायाम सांगितले. त्यानं हात जोडले.

त्यानं जे काही सांगितलं आणि मला जे काही कळलं त्यावरून, टर्बोमुळे लहान इंजिन मोठ्यापेक्षा जास्त ताकद देतं. म्हणजे मीच मागासलेला होतो. खरं तर मी हे पहिल्या दिवसापासून म्हणत होतो.

पत्राची चार पानं फाडली.

२० जानेवारी
मेव्हणा जेवायला आला होता. हिचा धाकटा भाऊ, छापखाना चालवतो, स्वतःला फार विनोदी समजतो. त्याला लहान इंजिनामागचा विचार समजावला. थोडक्यात, चाळीस मिनिटं. तो हिच्याकडे बघून काहीतरी म्हणाला. ही हसली. मीही हसलो. विनोद बहुधा चांगला असावा.

२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. स्पीकरवर होती तरी आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. तिच्या गावात नेटवर्कची बोंब आहे. मुद्दा कळला: बाळंतपण जूनमध्ये, तब्येत ठीक. ही बराच वेळ बोलत होती, मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं.

माझा बेत पक्का. बाळ झालं की दोघांनी नव्या गाडीतून जायचं. सातशे किलोमीटर. रस्ताभर हिला टर्बो समजावून सांगता येईल. मध्ये कुठे उठून जायची सोय नाही.

१० फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरचे गृहस्थ टीव्हीच्या आवाजाची तक्रार घेऊन आले. भिंती पातळ आहेत, मी काय करू? टीव्हीचा स्पीकरच मुळात कमजोर आहे, पात्रं काय बोलतात ते कळत नाही. ही हल्ली रात्री आत जाऊन वाचत बसते. वाचनाची गोडी या वयात लागणं चांगलंच.

१९ फेब्रुवारी
पार्किंग मोजलं. गाडी जागेपेक्षा एक वीत लांब आहे. परत मोजलं. तरी एक वीत. आता टेप नवा आणायला हवा.

८ मार्च
लाँच एक आठवडा पुढे ढकललं. चैन पडत नाही. सकाळपासून वेबसाइट अकरा वेळा उघडली. तोच फोटो, तीच तारीख.

याच घालमेलीत दवाखान्यात छोटी गडबड. एका आजोबांना हेडफोन घालून बंद खोलीत बसवलं आणि म्हटलं, एवढा नव्या दिव्यांचा व्हिडिओ बघून घ्यावा. दोन व्हिडिओ झाले. वीस मिनिटं आजोबांना एकही आवाज सोडला नव्हता. तरी त्यांनी चौदा वेळा बटण दाबलं होतं!

माणसं किती फसवतात स्वतःला. ऐकू येत नाही हे कबूल करायला यांचं काय जातं कळत नाही. वर नेहमीचं पालुपद: मला ऐकू येतं हो, लोकच स्पष्ट बोलत नाहीत. सव्वीस वर्षांत हे वाक्य हजारदा ऐकलं असेल. पेशंट दारातून आत येऊन हे बोलला की मी यंत्राचा फॉर्म काढूनच ठेवतो.

२९ मार्च
मोटारींच्या मासिकात नव्या गाडीचं परीक्षण. लिहिणाऱ्याच्या कानात काय बोळे होते कोण जाणे. म्हणतो, इंजिन ताकदवान आहे, पण लहान केल्याची किंमत कानांना मोजावी लागते. सतत बारीक टिकटिक. वेग घेताना टर्बोची शिट्टी. एवढ्या रुबाबदार गाडीला हे शोभत नाही.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्वतःच्या कानांनी ठरवणार.

१३ एप्रिल
आयुष्यातला मोठा दिवस. टेस्ट ड्राइव्ह! मी पुढे, शेजारी टायवाला सेल्समन, मागे ही आणि मेव्हणा.

बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. सेल्समन म्हणाला, सर, आता बंद केलीत. म्हणजे पहिल्या वेळीच चालू झाली होती! एवढी शांत! डोळ्यांत पाणी आलं. रस्त्याला लागलो. टिकटिक नाही, शिट्टी नाही. देवघरात बसल्यासारखं वाटलं. सहाचे चार करून आवाज नाहीसा करणं, याला म्हणतात इंजिनिअरिंग.

सेल्समन आपणहून म्हणाला की थोडा आवाज आहे, पण सवय होते. कसला आवाज, मी विचारलं. मागे वळून हिला विचारलं. ही म्हणाली, येतोय की. मेव्हण्यानं तर तोंडानं टिकटिक करून दाखवली. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचारे. कान तयार नसले की माणूस कुणीतरी छापलेलं ऐकू लागतो.

एकच तक्रार: मागे घेताना इशाऱ्याचा बीप वाजला नाही आणि शोरूमची कुंडी फुटली. सेल्समनचं म्हणणं, बीप बराच वेळ वाजत होता. मी तरुणांशी वाद घालत नाही.

गाडी बुक केली.

१५ एप्रिल
मासिकाच्या संपादकांना पत्र. या वेळी पेनानं, प्रिंटरवर विसंबलो नाही. कान या विषयातला अधिकारी माणूस या नात्यानं परीक्षण साफ चुकीचं ठरवलं. पण नुसता दावा कशाला? पुरावा जोडावा म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्वतःची चाचणी घेतली. यंत्र बंद खोलीत ओढून घेतलं, हेडफोन घातले, उजव्या हातानं आवाज सोडले, डाव्या हातानं ऐकू आल्याचं बटण दाबलं. एकही आवाज हुकला नाही. अठरा वर्षांच्या पोराचे कान! खाली सही, शिक्का.

रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, चाचणी कुणी घेतली? मी. आवाज कुणी सोडले? मीच. मग त्या बराच वेळ स्टेपलरकडे बघत बसल्या. हेवा वाटला असणार.

२२ एप्रिल
घरात वातावरण उत्तम आहे. गाडी बुक केली तरी ही एका शब्दानं बोलली नाही. पूर्वी साधी छत्री घेतली तरी चार प्रश्न असायचे. आता प्रश्नच नाहीत. अकरा वर्षांनी का होईना, पटलं.

हिनं माळ्यावरून मोठी बॅग काढून पुसून ठेवलीय. डिकी किती मोठी आहे ते ब्रोशरमध्ये दाखवलं होतं, त्याचा परिणाम. उत्साह बघून बरं वाटलं.

४ मे
संपादक महाशयांनी माझा अहवाल खरा की खोटा ते विचारायला थेट आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. दवाखाना त्यांचा, शिक्काही त्यांचा. बाईंनी बोलावलं. नुसतं बंद खोलीकडे बोट केलं.

हेडफोन घालून बसलो. यंत्रावर स्वतः बाई. सुरुवातीचे आवाज व्यवस्थित. मग मध्येच यंत्र बंद पडलं. चार-पाच मिनिटं मी नुसता बसून होतो. काचेतून खूण केली की वायर तपासा. बाईंनी मान हलवली.

बाहेर आल्यावर कागद दाखवला. यंत्र बंद पडलं नव्हतं.

५ मे
सर्दी असणार.

६ मे
सर्दी नाही. मळही नाही. बाईंनी स्वतः बघितलं. आलेखाची रेघ निम्म्यापर्यंत ठीक जाते, मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली. बारीक आवाज गेलेत. चार-पाच वर्षं तरी झाली असतील म्हणाल्या. असा आलेख मी आठवड्याला पाच लोकांना समजावून सांगतो. आज माझ्यासमोर बाई तेच सांगत होत्या, त्याच क्रमानं, आणि मी माझ्या पेशंटांसारखा पंख्याकडे बघत होतो.

हिला सांगायचं नाही. योग्य वेळी सांगू. गाडीत.

१८ मे, सकाळी ५.३०
आज गाडी मिळणार. झोप नाही. काल बाईंनी दोन्ही कानांसाठी यंत्रं दिली, केसांआड लपतील अशी. ती घालूनच जाणार. संकल्प: हिला पुढच्या सीटवर बसवायचं, मोकळा रस्ता लागला की सगळं सांगायचं, माफीही मागायची. मग टर्बो.

१८ मे, दुपारी ४
बटण दाबलं. एकदाच. टिकटिक. अखंड टिकटिक. वेग घेतला की शिट्टी. मासिकवाल्यानं सौम्यच लिहिलं होतं.

घरी पोचलो तर दारात मेव्हण्याची गाडी, आणि तो मोठी बॅग आत चढवत होता. ही लेकीकडे निघाली होती. आजच. सहा महिन्यांसाठी. तिकीट फेब्रुवारीतच काढलं होतं. मेव्हणा म्हणाला, ताईनं पाच वेळा सांगितलंय तुम्हाला, एकदा तर माझ्यादेखत. मी म्हणे दर वेळी हो हो म्हटलं.

मी म्हटलं, स्टेशनवर मी सोडतो. बॅग माझ्या गाडीत घेतली. डिकी खरंच मोठी आहे.

ही शेजारी बसली. मी मोकळ्या रस्त्याची वाट बघत होतो. तेवढ्यात लेकीचा फोन आला आणि ही बोलू लागली. माझ्यापासून हातभर अंतरावर, पण घरात भिंतीशी बोलावं इतक्या निवांतपणे. मला ऐकू जाणार नाही याची तिला खात्री होती. आवाज हळू होता. एकेक अक्षर कळत होतं. किती वर्षांनी तो आवाज असा ऐकला.

लेकीला म्हणाली की तुला दोन महिनेच गरज आहे हे मला ठाऊक आहे, तरी मी सहा महिने राहणार. म्हणाली, बाबांचा राग नाही गं आला. पण घरात दिवसभर बोलून कुणीच उत्तर देत नाही, मग आपण बोललो की नाही हेच मला कळेनासं झालंय. म्हणाली, परवा मी दुकानदाराशीसुद्धा ओरडून बोलले, तो दचकला. तुझ्याकडे आले की आधी दोन दिवस नुसती हळू आवाजात बोलणार आहे.

मग फोन ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

रस्ता मोकळा होता. जे सांगायचं ठरवलं होतं ते सगळं तोंडाशी आलं होतं. पण आता सांगायचं म्हणजे आत्ताचं सगळं ऐकलं हेही सांगायचं. काहीतरी बोलायला हवं म्हणून सवयीनं विचारलं, काय म्हणालीस?

ती माझ्याकडे वळली आणि मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली, काही नाही.

स्पष्ट ऐकू आलं.