हिरॉइन मरत नसते

मंगळवार, ६ फेब्रुवारी १९९६
देवश्री मेली. सुटली बाई! शॉट संपला तरी चेहरा लाल रंगाने माखलेलाच, आणि डायरेक्टर मल्लाप्पा सर म्हणाले, "स्वल्प नगु." पडद्यावर मेलेल्याला इथे लगेच कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावतात — अपशकुन नको म्हणून. ती हसली, तोंड धुतलं, कायमची घरी गेली. मी हिरॉइन, म्हणून शेवटपर्यंत जिवंत. म्हणजे शेवटपर्यंत इथेच.

बंगलोरला यशवंतपूरच्या प्रदर्शनातला हा भूतबंगला. पत्रे, प्लायवूड, काळे पडदे. संध्याकाळी पब्लिक, दिवसभर आमचं शूटिंग. पंखा लावायचा नाही, कोळिष्टकं हलतात म्हणे! सुरा घेऊन खुनी झालेला रघुजी मागे लागणार, मी किंचाळत पळणार. रोज तेच.

बुधवार, ७
बाबांनी जेवताना पुन्हा बजावलं. सोमवारी इलेक्ट्रॉनिक सिटीत कामावर रुजू व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. इकडे सर म्हणतात, अजून पंधरा दिवस तरी लागतील. जीव नुसता घुसमटतोय.

गुरुवार, ८
पळाले. किंचाळले. घसा बसला.

शुक्रवार, ९
आज धीर केला. म्हटलं, सर, मलाही मारून टाका. हिरॉइनच मेली तर लोक हादरतील. ते म्हणाले, हिरॉइन मरत नसते. मग दुपारभर सिगारेटी ओढत जिन्यावर बसून राहिले. निघताना म्हणाले, "सरी." म्हणजे ठीक. "उद्या मर."
रघुजी हळहळला. एरवी याच भूतबंगल्यात पब्लिकला घाबरवतो, पण माझ्यासाठी रोज चहा राखून ठेवतो बिचारा. मला आनंदाने जेवण गेलं नाही.

शनिवार, १०
मेले! मग सरांचं ते "स्वल्प नगु". मला तर खरंच हसू फुटलं — सुटले ना! थांबेचना. रघुजी चक्क मागे सरला. सर उठून जवळ आले. "हेच भूत," म्हणाले. "आता ही भूत होऊन परत येणार आणि खुन्यालाच धरणार!"
मी नोकरीचं सांगितलं. वाटलं, चिडतील. छे! म्हणाले, "जा बाळ. पांढरा रंग फासला की कुणीही चालेल. चेहरा कुठे दिसतो?"
कुणीही! बसमध्ये रडले. सुटका झाली आणि मी रडतेय. वेडी कुठली.

रविवार, ११
आईने उद्यासाठी साडीला इस्त्री केली. बाबांनी बसचे नंबर पाठ करून घेतले. मी मान डोलावत होते.
कुणीही चालेल म्हणे!

सोमवार, १२
रुजू झाले नाही. बाबा बोलत नाहीत. भूतबंगल्यात बसून लिहितेय, तोंडभर पांढरा रंग. आज पळायचंय ते रघुजीनं.