हॉटेल वाढवलं

बाबा, तुमच्या हॉटेलसमोर आता चाकांवरची हॉटेलं उभी राहतात. फूड ट्रक म्हणायचं त्यांना. सकाळी तर्री-पोहे, संध्याकाळी मोमो. गिऱ्हाईक धुळीत उभ्यानं खातं आणि वर फोटोही काढतं. आपल्याकडे खुर्च्या होत्या, पंखे होते, भिंतीवर हार घातलेले तुम्ही होतात. यवतमाळात, तेही बसस्टँडसमोर, एवढी शांतता दुसरीकडे मिळाली नसती. मी नगरपरिषदेत तक्रार दिली. लोकांना चिमटे काढणारं लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. तिथल्या बाबूला ती तक्रारही विनोदीच वाटली. "भाऊ, त्याची गाडी हाकलली तं तो कोपऱ्यावर जाईन. तुमचं हॉटेल कुठं जाईन?"

मग बंद करायचं ठरलं. राहिला प्रश्न काकांचा. तुमच्या वेळचे आचारी. जमिनीलगतच्या भट्टीपुढं पाट टाकून बसल्या बसल्या शंभर माणसांचं करणारे. मी एका ट्रकवाल्याकडं त्यांच्यासाठी शब्द टाकला. "काकाले उभ्यानं जमन का?" तो म्हणाला. "बसाले जागा कुठं हाय इथं? मीच मान वाकवून उभा राह्यतो." चाळीस वर्षं मुडपलेल्या गुडघ्यांना या वयात उभं राहायला कोण शिकवणार? काकांना हे सगळं सांगायचं होतं. रोज ठरवलं, रोज उद्यावर ढकललं.

लहानपणी मी एकदा "हॉटेल बंद करू का?" म्हणालो, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर तुम्ही माझा कान पिळला होता. "बंद म्हनाचं नाही. वाढवलं म्हनाचं." शेवटच्या संध्याकाळी काका विचारतात, "भाऊ, उद्याच्या तर्रीले हरभरे भिजू घालू न?" आणि मी, छापील कागदावर भल्याभल्यांची सालं काढणारा, शटर ओढत म्हणतो, "राहू द्या काका. हॉटेल वाढवलं." रोज ऐकलेला शब्द. ते "बरं" म्हणाले आणि पिशवी उचलून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शटरपुढं बसलेले. मांडीवर डबा. मी घाईत नको म्हणालो असेन असं समजून त्यांनी हरभरे घरीच भिजवले होते, आणि आता त्यातले न भिजलेले गणंग निवडून टाकत होते. मी रस्त्याच्या या बाजूला, ट्रकपाशी, हातात पोह्यांची प्लेट. "ते तुमचे काका न?" ट्रकवाल्यानं विचारलं. "हाक मारू का?" मी म्हटलं, "नको. कोणाची तरी वाट पाहत असतील." आणि वरून थोडी तर्री मागून घेतली.

दुपारी ते उठून गेले म्हणे. त्यांना कोणी सांगितलं, हे मी अजून विचारलेलं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. खरं तर ते तुम्हाला लिहायचंच नव्हतं, काकांना लिहायचं होतं. पण काकांना वाचता येतं.